वीस माणसांच्या घरातला नाताळ: कामं कशी लावावीत

मोठ्या घरात नाताळची तयारी अडते ती कामामुळे नाही, वाटपामुळे. वसईच्या कुठल्याही गावात जा, नंदाखाल असो की पापडी, २३ डिसेंबरला स्वयंपाकघरात आठ बायका एका कढईभोवती उभ्या असतात आणि बाहेर येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याला पेंढा आणायला कुणी नसतं. ‘सगळ्यांनी मिळून करू’ म्हटलं की ते काम कुणाचंच राहत नाही. म्हणून दोन नियम आधी सांगते: प्रत्येक कामाला एकच माणूस जबाबदार, आणि जे जास्त टिकतं ते आधी करायचं. बाकी सगळं त्यातून निघतं.

पायरी १ : नोव्हेंबरातच उरकायच्या तीन गोष्टी

२ नोव्हेंबरला मृतांचा दिवस झाला, कबरींवरच्या मेणबत्त्या विझल्या, की वही उघडा. पहिल्या पानावर माणसं लिहा: कोण येणार, कधी येणार, कुठे झोपणार. आखातातून येणाऱ्या भावाची तारीख कळली नसेल तर त्याचीही ओळ मोकळी सोडा. लग्न झालेल्या मुलींना ‘येशील ना’ एवढंच विचारू नका, ‘२४ला की २५ला’ असं विचारा. सासरचाही नाताळ असतो.

दुसरी गोष्ट केकची फळं. मनुका, काळे बेदाणे, चेरी, संत्र्याच्या सालीचा मुरंबा, सगळं बारीक चिरून काचेच्या बरणीत रममध्ये बुडवून ठेवा. आठवड्यातून एकदा कोरड्या चमच्याने हलवा. घरात दारू चालत नसेल तर आत्ता काहीच करू नका. केकच्या आदल्या रात्री फळं संत्र्याच्या रसात भिजवून फ्रिजमध्ये ठेवली की पुरतं. तो केक मात्र लवकर संपवावा लागतो.

तिसरी गोष्ट शिंप्याची. डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की कुठलाही शिंपी मान वर करून बघत नाही. लहान मुलांना एकाच ताग्यातलं कापड घेण्याची जुनी पद्धत मला अजून आवडते. गर्दीत पोरं पटकन ओळखू येतात, आणि थोरलीचा फ्रॉक पुढच्या वर्षी धाकटीला होतो.

पायरी २ : आगमनकाळाचे चार रविवार घड्याळासारखे वापरा

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार. त्यातला पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मधे कधीतरी येतो. दर रविवारी एक, अशा लावायच्या चार मेणबत्त्यांपैकी तीन जांभळ्या असतात, तिसऱ्या रविवारची गुलाबी. दर रविवारी मेणबत्ती लावल्यावर सगळे एका खोलीत असतातच, तेव्हा त्या आठवड्याची कामं तिथेच वाचून दाखवा.

पहिल्या रविवारी पैसे. कमावत्या माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे एका डब्यात टाकायचे आणि डबा एकाच व्यक्तीकडे. माणशी वर्गणी काढू नका. चार मुलं असलेल्या धाकट्या भावाला ती डोईजड होते आणि तो बोलून दाखवत नाही.

त्याच आठवड्यात गाद्या उन्हात घाला. कमी पडणाऱ्या गाद्या मंडपवाल्याकडे सांगून ठेवा, कारण डिसेंबर लग्नसराईचा महिना आहे. पाण्याच्या टाकीचा पंपही आत्ताच तपासून घ्या. पाहुणे आल्यावर पंप बंद पडला तर वीस माणसांची आंघोळ विहिरीवर.

रोजचं काम यातून सुटत नाही. डिसेंबर हा भाजीचा ऐन हंगाम, वाडीला पाणी द्यावंच लागतं आणि पहाटेची लोकल धरून माल दादरला न्यावाच लागतो. जे वाडीत राबतात किंवा रोज चर्चगेटला जाऊन येतात त्यांना सणाचं संध्याकाळचं काम देऊ नका, रविवारचं द्या. हे न पाळल्यामुळे होणारी भांडणं नाताळच्या जेवणापर्यंत पुरतात.

पायरी ३ : तळण, टिकण्याच्या क्रमाने

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या मधल्या दिवसांत कुलकुल करा. मैदा, थोडं तूप, अंडं, नारळाचं दूध. पीठ मळून छोट्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायच्या. हे काम मुलांचं. शंभर गोळ्यांपर्यंत त्यांना मजा वाटते, पुढे गोष्टी सांगाव्या लागतात. आकार वाकडेतिकडे झाले तरी चालतील, जाडी मात्र सारखी हवी, नाहीतर बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात. पाकात घोळवून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरले की वाफेने मऊ पडतात आणि मग कितीही तळा, कुरकुरीत होत नाहीत.

नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सारण दोन प्रकारचं करा. सुक्या खोबऱ्याच्या आणि तिळाच्या नेवऱ्या आठवडाभर आधी. ओल्या नारळाच्या फक्त २३ला, त्या तीन-चार दिवसांच्या पुढे जात नाहीत.

केक बेकरीत भाजून आणा. घरच्या ओव्हनमध्ये एकेक भांडं भाजत बसलात तर रात्र जाते. पीठ घरी फेटायचं, डबे भरून न्यायचे हे आपल्याकडे जुनंच आहे. आठवडाभर आधी बेकरीवाल्याकडून वेळ घेऊन ठेवा आणि डब्याच्या बुडाला रंगाने आपली खूण करा. सगळ्यांचे डबे सारखेच दिसतात.

आता फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोड गोळे. हे मात्र २४च्या संध्याकाळीच, आदल्या दिवशीचे फुगे चामट होतात. एक किलो मैद्याला चार अंडी, एका मोठ्या नारळाचं घट्ट दूध, दीडशे ग्रॅम साखर, चमचाभर मीठ आणि दहा ग्रॅम सुकं यीस्ट. पूर्वी यीस्टच्या जागी ताडी घालत. ताजी ताडी मिळत असेल तर जरूर घाला, चव वेगळीच लागते. पीठ भज्यांपेक्षा घट्ट आणि चपातीच्या कणकेपेक्षा खूप सैल, हाताला चिकटणारं असावं. दहा-पंधरा मिनिटं हाताने आपटून फेटा. थंडीत फुगायला चार ते सहा तास लागतात, म्हणून दुपारी बारालाच भिजवा आणि पातेलं चुलीच्या कडेला ठेवा.

तळताना डाव्या मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येऊ द्यायचा, उजव्या हाताने तोडून तेलात सोडायचा. हाताला पाणी नव्हे, तेल लावा. पाण्याचा थेंब कढईत उडतो. तेल बरोबर तापलं असेल तर फुगा आपोआप पलटी मारतो. पलटला नाही तर झाऱ्याने ढकला, त्यात कमीपणा नाही. वीस माणसांना दोन किलो मैदा पुरतो, पहाटे मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) आलेल्यांसाठी आणखी अर्धा.

विंदालू किंवा इंदियाल (दोन्ही व्हिनेगर घातलेले तिखट रस्से) यांचं मटण २२ला सांगून ठेवा आणि २३ला शिजवा. व्हिनेगरमुळे ते दुसऱ्या दिवशी अधिक मुरतं. मसाला मे महिन्यात बाटल्यांमध्ये भरलेला असतोच. नसेल तर शेजारच्या काकूंकडे मागायला लाजू नका, फक्त बाटली रिकामी परत देऊ नका.

पायरी ४ : गोठा आणि तारा

गव्हाणीचा देखावा पहिल्यांदा संत फ्रान्सिस असिसीकरने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी मांडला, असं सांगतात. आपल्याकडे त्यात वसईची माती येते. १४ डिसेंबरच्या सुमारास पसरट थाळ्यात नाचणी पेरा, दहा दिवसांत गोठ्याभोवती हिरवं शेत तयार. पेंढा सुका असतो, त्यामुळे आत मेणबत्ती कधीही नको, छोटी एलईडी माळ लावा. बाळ येशूची मूर्ती २४च्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतरच ठेवायची. तोवर ती आजीच्या कपाटात, कारण तिथे मुलं हात घालत नाहीत. बाळ येशूच्या भेटीला येणाऱ्या तीन राजांच्या मूर्ती घराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या करा आणि मुलांना रोज थोड्या पुढे सरकवू द्या.

ताऱ्याला बांबूच्या कामट्या आणि मैद्याची खळ पुरते. पहाटेचं दंव आणि खारा वारा कागद सैल करतो, म्हणून पागोळीच्या आत टांगा. बल्ब एलईडीच घ्या.

पायरी ५ : २४ची रात्र आणि ताटं

नोव्हेना, म्हणजे नाताळाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, १६ला सुरू होते. पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) त्याच दिवसांत उरका, २४ला रांग रस्त्यापर्यंत येते. मध्यरात्रीचा मिस्सा बहुधा उघड्यावर असतो. म्हाताऱ्यांना शाल आणि घडीची खुर्ची द्या, ज्यांना झेपत नाही त्यांना सकाळच्या मिस्साला न्या. घरी एक माणूस मागे ठेवायचा, त्याने परत येणाऱ्यांसाठी कॉफी आणि कढई तापवून ठेवायची.

शेजाऱ्यांच्या ताटांची यादी आधीच करा. दोन प्रकार ठेवा: केक आणि कुलकुल घातलेलं, आणि अंड्याशिवायचं. दुसऱ्यात तिळाच्या नेवऱ्या, खोबऱ्याची वडी आणि आगाशीची सुकेळी (सुकवलेली केळी) घाला. डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार येतात. २५ तारीख अशा गुरुवारी पडली तर उपवास धरणाऱ्या घरी अंड्याचं ताट शुक्रवारी पाठवा. वर्षभरात ज्या घरी मयत झालं असेल तिथे कढई चढलेली नसते, त्यांचं ताट सगळ्यात आधी आणि थोडं जास्त भरून.

पायरी ६ : आवरणं

सण २५ला संपत नाही, तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत, गोठा राहतो. पण पाहुणे आधीच निघतात, म्हणून २६ला त्यांच्याच समोर डब्याचा हिशेब वाचा. काय उरलं, काय कमी पडलं तेही त्याच वहीत लिहा: ‘मैदा अर्धा किलो कमी’, ‘कुलकुल फार झाले’. गोठा काढल्यावर पेंढा गुरांना, मूर्ती वर्तमानपत्रात वेगवेगळ्या गुंडाळून. गाढवाचा कान दरवर्षी तुटतो, त्याला कापसात ठेवा.