रेंज कमी असताना डॉक्टरांशी फोनवर कसं बोलायचं
गावात रेंज एक-दोन कांड्याच असेल तर व्हिडिओ कॉलच्या मागे लागू नका, साधा फोन लावा, आवाजाला डेटा खूप कमी लागतो. त्याआधी कागदावर लिहून ठेवा ताप कधीपासून, किती, कुठली गोळी किती वाजता दिली, आणि गोळ्यांचं पाकीट हातातच धरा. पुरळ किंवा जखम असेल तर फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून, शेजारी नाणं ठेवून काढा म्हणजे आकार कळतो. फोनच लागेना तर एसएमएस करा, मराठीत एका मेसेजमध्ये काना-मात्रा धरून ७०च अक्षरं बसतात म्हणून मुद्द्याचं आधी. छातीत दुखत असेल, दम लागला असेल तर मात्र हे काहीच करत बसू नका, सरळ ॲम्ब्युलन्स बोलवा.