सोसायटीतील बॅटऱ्यांचे चार्जिंग ब्लॉकचेनने कसे जुळवावे

फोंडा किंवा पर्वरीतील एखाद्या सोसायटीला 100 केव्हीएचा एकच ट्रान्सफॉर्मर आहे आणि 10 घरांनी सौर संचासोबत प्रत्येकी 5 किलोवॅटने चार्ज होणारी बॅटरी बसवली आहे, असे धरू. 0.9 पॉवर फॅक्टरला (क्षमतेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ट्रान्सफॉर्मर 90 किलोवॅट देतो; इतर भार 60 किलोवॅट असताना एका वेळी फार तर 6 बॅटऱ्या चार्ज होतील. मग थांबायचे कोणी? बॅटऱ्यांचा मालक एकच असेल तर साधा डेटाबेस पुरेसा आहे. मालक अनेक असतील आणि हिशेब कोणा एकाच्या हाती देण्यास ते तयार नसतील, तरच ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या आणि मागून न बदलता येणाऱ्या नोंदींच्या साखळीचा, खर्च सार्थकी लागतो.

साखळी खासगी, परवानगीवर चालणारी असावी. एक नोड (साखळीची प्रत ठेवणारा संगणक) खोटेपणाने वागला तरी व्यवहार बिनचूक राहायचे असतील, तर किमान 4 नोड आणि तसा दोष सहन करणारी सहमतीची पद्धत लागते. हे नोड एकाच कार्यालयात ठेवू नयेत.

देशाच्या ग्रिडच्या वेळापत्रकाप्रमाणे दिवसाचे 15 मिनिटांचे 96 भाग करावेत. किती युनिट हवेत आणि कधीपर्यंत, हे प्रत्येक घराने आदल्या संध्याकाळी नोंदवावे. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टने (साखळीवर आपोआप चालणाऱ्या नियमांच्या प्रोग्रामने) मर्यादा सांभाळून, उन्हाच्या वेळेला प्राधान्य देऊन वाटप करावे आणि ज्याला थांबावे लागले त्याचा क्रम पुढच्या दिवशी वर आणावा.

सर्वाधिक काळजी मीटरची घ्यावी, कारण साखळीत गेलेली नोंद बदलता येत नसली तरी चुकीची नोंद आत जाण्यापासून साखळी रोखू शकत नाही. म्हणून प्रत्येक वाचनावर मीटरमधील सुरक्षित चिपची डिजिटल सही असावी आणि मीटरला सील असावे. मूळ वाचने साखळीबाहेर ठेवून फक्त त्यांचा हॅश (वाचनांवरून गणिताने काढलेला छोटा ठसा) साखळीत नोंदवावा. घरात माणसे केव्हा असतात, हे वीजवापरावरून कळते आणि ते शेजाऱ्यांना कळण्याचे कारण नाही.

व्होल्टेज आणि 50 हर्ट्झची वारंवारता सांभाळण्याचे काम इन्व्हर्टरकडेच राहू द्यावे, कारण तिथे निर्णय सेकंदाच्या आत व्हावा लागतो आणि नोडच्या सहमतीसाठी थांबणे परवडत नाही. पावसाळ्यात इंटरनेट तुटले, तर चार्जरने आपोआप 3 किलोवॅटवर उतरावे: दहाही बॅटऱ्या मिळून 30 किलोवॅटच होतात आणि ट्रान्सफॉर्मर सुरक्षित राहतो.