स्पेक्ट्रमची रॅम बदलायची? आधी उणे ५ व्होल्ट तपासा

सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर १९८२चा. भारतात १९८६ पासून डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस विकला. ४८के (४८ किलोबाइट मेमरीच्या) बोर्डावर रॅमचे दोन गट असतात: आयसी ६ ते १३ या जागांवर ४११६ नंबरच्या चिप, आयसी १५ ते २२ वर ४५३२ किंवा ३७३२. दगा देतात त्या बहुतेक वेळा ४११६च.

चिपवर ‘८३२१’ असं दिसलं तर तो नंबर धरून दुकानं पालथी घालू नका. ती तारीख आहे, १९८३चा एकविसावा आठवडा. ‘४११६’ वेगळं छापलेलं असतं.

कुठली चिप खराब आहे ते डायग्नोस्टिक कार्ट्रिज, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचं तपासणीचं कार्ट्रिज, सांगतं.

आता खरी अडचण. ‘जुनी काढा, नवी लावा, चालू करा’ हा सल्ला मिळतो तिथून उठून जा. ४११६ला तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५, पिन १६ ग्राउंड. उणे ५ आणि १२ व्होल्ट बोर्डावरच टीआर४ असं लिहिलेला ट्रान्झिस्टर आणि कॉइल मिळून तयार करतात. एखादी ४११६ शॉर्ट झाली की ती टीआर४लाही घेऊन जाते. उणे ५ नसताना १२ मिळाले, की नवी चिपही जाते, आणि तुम्ही दुकानदाराला दोष देत बसता.

म्हणून जुनी चिप काढल्यावर तिच्या जागी सॉकेट लावाच, आणि ते रिकामं असतानाच मीटरची काळी प्रोब पिन १६ वर धरून पिन १, ८ आणि ९ मोजा. उणे ५ सापडत नसेल तर चिपला हात लावू नका. आधी टीआर४ आणि कॉइल दुरुस्त करा.

४११६ऐवजी ४१६४ ही ६४के चिप तशीच खुपसायची नाही. तिला ५ व्होल्ट पिन ८ वर लागतात आणि ४११६च्या जागेत त्याच पिनवर १२ येतात. क्षणात जळेल.

चिप काढताना तिचे पाय बॉडीलगत कापा आणि एकेक पाय सोल्डर वितळवून ओढा. मेलेली चिप वाचवायला जाऊन ट्रॅक उखडणं परवडत नाही. बसवताना खाच जुन्या चिपच्याच बाजूला ठेवा.

दुसऱ्या गटात (आयसी १५ ते २२) मात्र ४१६४ थेट चालते. ४५३२ म्हणजे मुळात अर्धा भाग खराब निघालेली ६४के चिपच.