पहिले चाल देख: मेकॅनिकलला नव्याने आलेल्या खान्देशातल्या मुलांसाठी

मेकॅनिकल डिप्लोमाला किंवा आयटीआय फिटरला नुकताच प्रवेश घेतलेली जळगाव-धुळ्याकडची मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो: गिअर, कॅम (फिरताना दुसऱ्या भागाला ढकलणारी चकती), लिंकेज (सांध्यांनी जोडलेल्या दांड्या) हे सगळं डोक्यावरून जातं, काय करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. पावसाळ्यात ओळख काढून एखाद्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, जाऊन या. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की तिथे कोणाला मान वर करायला फुरसत नसते. पावसाळ्यात मात्र मशिनी उघडलेल्या असतात, मिस्तरी बोलायच्या मनःस्थितीत असतात आणि शाफ्ट हाताने फिरवून बघता येतो. डिप्लोमानंतर मी अशाच एका जिनिंगमध्ये देखभालीच्या कामाला लागलो. तिथल्या वयस्कर मिस्तरींना सगळे आप्पा म्हणायचे. नवा पोरगा पाना उचलायला गेला की आप्पा त्याला थांबवायचे, ‘‘पहिले चाल देख, मंग पाना धर.’’ या धंद्यात मला मिळालेला हा सगळ्यात कामाचा सल्ला.

चाल बघायची म्हणजे मोटरपासून निघायचं आणि शेवटच्या हलणाऱ्या भागापर्यंत जायचं, मधला एकही सांधा न सोडता. प्रत्येक सांध्यावर थांबून विचारायचं: इथे आत येणारी चाल कोणती आणि बाहेर जाणारी कोणती? गोल फिरणारी, सरळ मागेपुढे सरकणारी की झोक्यासारखी डोलणारी? वेग बदलला, दिशा बदलली की चालीची जातच बदलली? हे बघताना मेन स्विच पाडून फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. यात तडजोड नाही.

आता डबल रोलर जिनकडे, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या दोन रोलरच्या मशीनकडे या. मुख्य शाफ्ट मिनिटाला साधारण हजार फेरे घेतो. कापूस ओढणारे दोन रोलर मात्र शंभराच्या आसपासच फिरतात, तेही एकमेकांच्या उलट दिशेने. म्हणजे गिअरबॉक्सने वेग दहापट कमी केला. रोलरच्या खरबरीत पृष्ठभागाला रुई चिकटते आणि रोलर व स्थिर सुरीच्या मधून पलीकडे ओढली जाते. सरकी त्या फटीतून जाऊ शकत नाही, ती अडून राहते. तिथे दुसरी, हलती सुरी खालीवर होत तिला ठोकते आणि तंतूपासून सोडवते. या सुरीला गोल फिरून चालत नाही, तिला डोलावंच लागतं. म्हणून मुख्य शाफ्टवर क्रँक (शाफ्टला आडवा काढलेला हात) किंवा एक्सेंट्रिक (मध्य सोडून बसवलेली चकती) असतो: शाफ्टचा एक फेरा, सुरीचा एक झोका. एकाच मोटरमधून रोलरला मिळतो संथ पण जोरदार फिरता वेग आणि सुरीला मिळते झपाट्याची डोलती चाल. हा शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत दोन्हीकडे नजर ठेवली की पुस्तकातल्या पाच-सहा आकृत्या एकदम जिवंत होतात.

वेग कमी झाला की जोर वाढतो, हा हिशेब पहिल्या आठवड्यातच पक्का करा. चार पोलच्या मोटरचा वेग 50 हर्ट्झवर कागदोपत्री मिनिटाला 1500 फेरे येतो, प्रत्यक्षात भार घेतल्यावर 1440च्या आसपास असतो. तिच्यावर 4 इंची पुली आणि समोर 12 इंची पुली लावली तर समोरचा शाफ्ट 480 फेऱ्यांनी फिरेल. पट्टा थोडा घसरतो, त्यामुळे किंचित कमीच. वेग एक तृतीयांश, तर पिळण्याचा जोर जवळपास तिप्पट. शक्ती कुठूनही फुकट वाढत नाही, घर्षणात थोडी खर्चच होते. गिअरला हाच हिशेब दात्यांनी करायचा. सायकलचे दाते मोजा: पुढे 44 आणि मागे 18 असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, म्हणून चढावर दम लागतो. दोन गिअर थेट भिडले तर उलट फिरतात. मध्ये तिसरा घातला तर पहिला आणि शेवटचा एकाच दिशेने फिरतात. मधला कितीही दात्यांचा असो, वेगाचं प्रमाण बदलत नाही. हे पहिल्यांदा ऐकून कोणालाच पटत नाही. हिशेब मांडून बघा.

शेतकऱ्याच्या घरातून आला असाल तर कुट्टी मशीन तुमच्या खळ्यातच असेल. मला ते फार आवडतं. हाताच्या कुट्टी मशीनला मोठं चाक असतं, त्यावर दोन पाती. त्याच चाकाच्या शाफ्टवर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असतात. या वर्मला एक गिअर वरून भिडतो आणि एक खालून. वर्म एकाच दिशेने फिरतो, पण वरच्या गिअरला तो खालच्या बाजूने ढकलतो आणि खालच्याला वरच्या बाजूने. त्यामुळे दोन्ही गिअर परस्पर उलट फिरतात आणि त्यांच्याबरोबर दोन्ही रोलर. कडबा आत ओढायला नेमकं हेच लागतं, त्यासाठी वेगळी काही जोडणी करावी लागली नाही. शिवाय चाक एकदा फिरलं की रोलर अगदी थोडेसे सरकतात, आणि कुट्टीच्या तुकड्याची लांबी त्यावर ठरते. म्हणून तुकडा लांब हवा असेल तर गिअर बदलायचा. वर्म गिअरचा आणखी एक गुण: आटे पुरेसे तिरके नसतील तर गिअरकडून वर्म उलटा फिरवता येत नाही. वजन उचलणाऱ्या यंत्रात तो म्हणूनच पसंत केला जातो.

क्रँक शिकायला आईचं पायाचं शिलाई मशीन पुरे. पायटा डोलतो, कनेक्टिंग रॉडमुळे मोठं चाक गोल फिरतं, पट्ट्याने वेग वाढतो आणि वर पुन्हा उलटा प्रवास होतो: फिरत्या शाफ्टमधून सुई खालीवर. मशीन कधीकधी नेमकं अशा जागी थांबतं की पायटा दाबला तरी चाक हलत नाही. रॉड आणि क्रँक एका रेषेत आले, ही मृत स्थिती. हाताने चाकाला थोडी गती दिली की सुटतं; पुढे जड चाकाचा वेगच ती जागा ओलांडून नेतो. वाफेच्या रेल्वे इंजिनात डावीकडचा आणि उजवीकडचा क्रँक 90 अंशांच्या फरकाने बसवत, म्हणजे एक बाजू अडली तरी दुसरी पूर्ण जोरात असते. 1780 साली इंग्लंडमध्ये जेम्स पिकार्ड याने वाफेच्या इंजिनासाठी क्रँकचं पेटंट घेतलं, तेव्हा जेम्स वॅटला पुढच्याच वर्षी सूर्य-ग्रह गिअरची, म्हणजे एका गिअरभोवती दुसरा गिअर फिरण्याची, पर्यायी रचना पुढे आणावी लागली. क्रँक इतका साधा, पण त्यासाठी अशी चुरस होती.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शेपर, म्हणजे हत्यार मागेपुढे सरकवून धातू तासणारं मशीन, असेल तर त्यापाशी जरूर रेंगाळा. हत्यार कापत पुढे जाताना सावकाश जातं आणि रिकामं परतताना झटकन येतं, आतला मोठा गिअर मात्र एकसारख्या वेगाने फिरतो. खाचेच्या लिव्हरमुळे पुढे जायला फेऱ्याचा मोठा भाग लागतो आणि परतायला लहान. लिव्हरच्या तळाच्या खिळीपासून गिअरच्या केंद्राचं अंतर क्रँकच्या दुप्पट असेल तर हे भाग 240 आणि 120 अंश पडतात, म्हणजे परतीला निम्मा वेळ. जिनीव्हा चाक (थांबून थांबून फिरणारं), रॅक-पिनियन (सरळ दातेरी पट्टी आणि तिला भिडणारा गिअर), कॅम यांना या मानाने कमी वेळ लागतो; एकदा हातात घेतले की समजतात.

चार दांड्यांच्या साखळीसाठी मात्र पुठ्ठा कापाच. 4, 8, 9 आणि 10 सेंटिमीटर भोकांच्या अंतराच्या पट्ट्या टाचण्यांनी क्रमाने जोडा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी यांची बेरीज 14, उरलेल्या दोघींची 17. पहिली बेरीज लहान आहे, म्हणून लहान पट्टी शेजारणींच्या मानाने पूर्ण फेरा घेऊ शकते. हा ग्रासहॉफचा नियम. आता 10ची पट्टी टेबलावर पक्की धरा: लहान पट्टी गोल फिरेल, समोरची डोलेल. गाडीचा वायपर असाच चालतो. मग लहान पट्टीच पक्की धरून बघा, शेजारच्या दोन्ही पूर्ण फिरायला लागतील. त्यानंतर 7, 8, 9 आणि 12च्या पट्ट्या घ्या. त्यात कोणीच फेरा पूर्ण करत नाही.

नोकरीबद्दल एवढंच सांगतो. जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलची चाळणी एक्सेंट्रिकवर हलते, चटईच्या मागावर एका फिरत्या शाफ्टमधून अनेक वेगळ्या चाली निघतात, पाइपच्या प्लांटमध्ये एक्स्ट्रूडरचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यातून ढकलणाऱ्या मशीनचा, स्क्रू गिअरबॉक्समधून संथ फिरतो. तिथे मुलाखतीला बोलावणारा माणूस बहुतेक वेळा देखभालीचाच असतो. व्याख्या विचारून त्याला फारसं काही कळत नाही. तो एखादं मशीन दाखवून ‘हे कसं चालतं’ विचारतो. अॅप्रेंटिस म्हणून जाण्याआधीच एक वही करा. पाहिलेल्या प्रत्येक यंत्राला एक पान: मोटरपासून कामाच्या टोकापर्यंतची साखळी, बाणांनी दिशा, मोजलेले दाते, पुलीचे व्यास आणि त्यावरून काढलेला वेग. चित्र वेडंवाकडं आलं तरी हरकत नाही, बाण बरोबर हवेत. ती वही मुलाखतीला सोबत न्या आणि विचारलं तर उघडून दाखवा.