ज्येष्ठता यादी वाचायला कुणी शिकवत नाही

महसूल खात्यात लिपिक म्हणून लागलो तेव्हा माझी समजूत साधी होती. आधी लागला तो आधी अव्वल कारकून (लिपिकाच्या वरचं पद), मग नायब तहसीलदार. नव्याने लागलेल्या मुलामुलींकडून हेच अजून ऐकतो, म्हणून लिहितोय.

ज्येष्ठता यादीत, म्हणजे बढतीसाठी पाहिल्या जाणाऱ्या क्रमवारीत, एकाच भरतीतल्यांचा क्रम निवड यादीतल्या गुणांवर लागतो. मी पंधरा दिवस आधी हजर झालो, त्याचा काही उपयोग नव्हता. पुढे दुय्यम सेवा परीक्षा असते, नायब तहसीलदारपदासाठी महसूल अर्हता परीक्षा. ठरलेल्या मुदतीत आणि संधींत पास झालं नाही तर ज्येष्ठता जाते. माझी एक संधी निवडणुकीच्या कामात गेली, दुसरीला अभ्यास कमी पडला, तिसरीला एक पेपर राहिला. पास झालो तोवर माझ्या मागून लागलेले सातजण यादीत माझ्या वर होते. त्यांचा राग आला होता. आज म्हणतो, त्यांनी वेळेत अभ्यास केला, त्यांचं बरोबरच होतं.

मग नुसत्या गुणवत्तेवरच बढती द्यावी का? मला नाही पटत. आमच्या एका ज्येष्ठ बाई कुठल्याही जुन्या फेरफाराची नोंद शोधून सातबारावरची चूक नेमकी कधी शिरली ते सांगायच्या. एका वर्षी नवे साहेब आले आणि बाईंची गोपनीय अहवालातली, म्हणजे साहेब दरवर्षी कामाबद्दल लिहितात त्यातली, प्रतवारी खाली गेली. त्याचं कारण बाईंना कधीच कळलं नाही. ज्येष्ठता यादी निदान सगळ्यांसमोर लागते, तिच्यावर हरकत घेता येते. साहेबांच्या मनातली गुणवत्ता कुठे वाचायची?

ग्रामीण बँकांच्या एका प्रकरणात 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘ज्येष्ठता आणि गुणवत्ता’ या निकषाचा अर्थ सांगितला: कामाला लागणारी किमान गुणवत्ता प्रत्येकात असावी आणि ती असणाऱ्यांत ज्येष्ठाला आधी संधी मिळावी. अव्वल कारकुनापर्यंत मला हेच न्याय्य वाटतं. जिथे माणूस लोकांच्या जमिनीच्या वादांवर निर्णय देतो, तिथे मात्र ती किमान पातळी बरीच वर हवी, मग माझ्यासारखे चारजण मागे राहिले तरी चालेल.

पगाराची चिंता वेगळी ठेवा. सातव्या वेतन आयोगानंतर 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेवर आश्वासित प्रगती योजनेचा लाभ आहे. त्याने वेतन वाढतं, पद तेच राहतं.

रुजू झालात की पहिल्या वर्षीच परीक्षेचे नियम वाचा. पास झाल्याची नोंद सेवापुस्तकात झाली का, ते स्वतः बघा. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितलंय, तेव्हा अहवालाची प्रत लेखी अर्ज करून मागा. 1 जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती ज्येष्ठता यादी निघाली की आपल्या नावासोबत वरची दहा आणि खालची दहा नावंही तपासा. जन्मतारीख, नियुक्तीचा दिनांक, परीक्षेचा दिनांक, सगळे रकाने. हरकतीची मुदत थोडी असते; अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय आस्थापना शाखेतून (कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या शाखेतून) उठू नका.