सासू सोबत आलेली असते तेव्हा

प्राथमिक आरोग्य केंद्रात 23 वर्षं सेविका होते. घरात मार खाणाऱ्या बाईला कसं ओळखायचं, कसं विचारायचं, हे नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरांसाठी लिहितेय.

ओपीडीत बाई एकटी क्वचितच येते. "काय होतंय?" विचारलं की उत्तर सासू देते. तिला बाहेर घालवू नका, घरी गेल्यावर तो राग सुनेवरच निघतो. "लघवी तपासायचीय, वजन करायचंय" म्हणत सुनेला आत घ्या आणि दार लोटा.

"हिंसाचार होतो का?" विचारलं तर ती नाहीच म्हणेल. नवऱ्याची थप्पड तिच्या लेखी हिंसाचार नसतेच. मी विचारायचे, "घरात कुणी हात उचलतं का गं? पोटभर जेवू देतात? माहेरी फोन करू देतात?" मग गप्प बसायचं. तांड्यावरची बाई गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, मोकळी बोलते, पण दुभाषी म्हणून भावकीतली बाई नको. कधी आशाताईच तिची नणंद निघते.

"पडले," म्हणाली तर हात बघा. पडताना बहुधा तळवे, गुडघे खरचटतात. मार चुकवायला हात आडवा धरला की कोपराखाली वळ उठतात, बांगड्या फुटून मनगटावर चिरा पडतात. गळा दाबला होता का, हे मुद्दाम विचारा. मानेवर खूण नसली तरी आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल तर त्याच क्षणी डॉक्टरांना दाखवा.

नोंद तिच्याच शब्दांत करा: "नवऱ्याने काठीने मारले, असे सांगते." वळाची जागा, लांबी, रंग लिहा. एकदा सासू शेजारी उभी होती म्हणून मी "पडून मार" लिहिलं. पुढे ती बाई कोर्टात गेली तेव्हा त्या कागदाचा तिला काहीच उपयोग झाला नाही. ते अजून सलतं. केसपेपर घरी जातो, म्हणून सविस्तर नोंद केंद्रातल्या रजिस्टरमध्ये ठेवा.

नवऱ्याला बोलावून समजूत काढायला जाऊ नका. तिने आपल्याला सांगितलं, हे त्याला तिथेच कळतं. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने तिला त्या घरात राहायचा हक्क आहे, तक्रारीसाठी संरक्षण अधिकारी आहेत, एवढं तिला सांगा. चिठ्ठी देऊ नका, महिला हेल्पलाइनचा 181 नंबर तोंडपाठ करून घ्या.

निघण्याआधी दोन प्रश्न विचाराच: "आज घरी जायची भीती वाटते का?" आणि "जीव द्यावासा वाटतो का?" फवारणीचं औषध घरात हाताशीच असतं. यातल्या कशालाही हो म्हणाली तर तिला तशीच घरी पाठवू नका, डॉक्टरांना बोलवा. नाही म्हणाली तर आठ दिवसांनी लोहाच्या गोळ्या न्यायला बोलवा. गोळ्यांना सासू नाही म्हणत नाही.