पेजफाइल बंद केली आणि कॅड बसलं: व्हर्च्युअल मेमरीच्या या चुका टाळा

भोसरी-चाकणकडच्या डिझाइन ऑफिसांत एक सल्ला हमखास मिळतो: "३२ जीबी रॅम आहे ना? मग पेजफाइल कशाला, बंद करून टाका, मशीन पळेल." पेजफाइल म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल; रॅम आणि ती मिळून व्हर्च्युअल मेमरी. ती बंद केल्याने मशीन काही पळत नाही. काही दिवस सगळं ठीक चालतं, मग एखादी मोठी असेंब्ली (अनेक सुट्या भागांचं जोडलेलं मॉडेल) उघडली की कॅड, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, 'आउट ऑफ मेमरी' म्हणून मान टाकतं. टास्क मॅनेजर बघावा, तर रॅम अजून शिल्लक!

गोम अशी की विंडोज नुसत्या रॅमचा हिशोब ठेवत नाही. प्रोग्रॅमने ४ जीबी मागून घेतली की ती प्रत्यक्ष वापरण्याआधीच त्याच्या नावावर चढते. अशा सगळ्या मागण्यांची कमाल मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. पेजफाइल काढली की नुसती मागून ठेवलेली जागाही रॅमच्याच खात्यातून वजा होते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक करा; 'कमिटेड'खाली दोन आकडे दिसतील. पहिला दुसऱ्याला टेकायला आला की फाइल आधी सेव्ह करा, बाकीचं नंतर. पेजफाइलचं सेटिंग मात्र 'सिस्टिम मॅनेज्ड'वरच असू द्या आणि सी ड्राइव्ह गच्च भरू देऊ नका, नाहीतर पेजफाइलला वाढायला जागाच उरत नाही. एसएसडी झिजेल या भीतीने ती हार्ड डिस्कवर हलवणारेही भेटतात. ऑफिसच्या रोजच्या कामात ही भीती बाळगू नये.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे ८ जीबी रॅम आणि भलीमोठी पेजफाइल. मर्यादा वाढते, वेग नाही. रॅममधून डेटा यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये 'हार्ड फॉल्ट्स' बघा, म्हणजे रॅममध्ये न सापडलेला डेटा किती वेळा डिस्कवरून आणावा लागला तो आकडा. फाइल उघडताना आकडा उसळतो, त्यात काही वावगं नाही. पण मॉडेल नुसतं फिरवतानाही तो खाली येत नसेल आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल, तर रॅम वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

सदाशिव पेठेतल्या डीटीपीवाल्यांचा घोटाळा वेगळाच. फोटोशॉप 'स्क्रॅच डिस्क भरली' म्हणतं आणि मंडळी पेजफाइल वाढवत बसतात. स्क्रॅच डिस्क ही तात्पुरता डेटा डिस्कवर ठेवण्याची फोटोशॉपची स्वतःची व्यवस्था आहे; प्रेफरन्सेसमध्ये जाऊन तिला मोकळी जागा असलेला ड्राइव्ह द्या.

लिनक्सवर 'फ्री' (free) कमांडमध्ये स्वॅप, म्हणजे तिथली पेजफाइलसारखी जागा, थोडा वापरलेला दिसला म्हणून घाबरू नका. 'व्हीएमस्टॅट १' (vmstat 1) चालवून 'एसआय' (si) आणि 'एसओ' (so) हे रकाने पाहा; स्वॅपमधून रॅममध्ये किती डेटा येतोय आणि रॅममधून स्वॅपमध्ये किती जातोय, ते त्यात दिसतं. ते शून्याच्या आसपास असतील तर दुखणं दुसरीकडे आहे.

आणि रॅम घ्यायला बुधवार पेठेत जाणार असाल, तर मदरबोर्डला कोणत्या प्रकारची रॅम चालते, डीडीआर४ की डीडीआर५, कमाल किती जीबी चालते आणि स्लॉट रिकामा आहे का, हे घरूनच बघून जा.